बहिणीचे घर : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

म्हाताऱ्या आईवडिलांचे दुःख हा मराठी रंगभूमीचा हुकमी विषय आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी प्रथम रंगभूमीवर आले. त्याला अर्धशतक उलटून गेले, तरी गणपतराव बेलवलकर आणि त्यांची कावेरी यांची कथा ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळाच. निवृत्त झालेला नट आपली सारी मिळकत मुलाला आणि मुलीला वाटून देतो. समोरचे ताट द्यावे, पण बसता पाट देऊ नये, ही आपल्याकडील शहाण्या बायकांची जुनी शिकवण. कावेरीला तीच चिंता पोखरत असते. पुढे मुलाच्या घरी अवहेलना होते, मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, कावेरी जाते, आणि शेवटी अप्पा रस्त्यावर येतात. प्रेक्षक डोळे पुशीत नाट्यगृहाबाहेर पडतो आणि घरी जाताना त्या कृतघ्न मुलांना बोल लावतो.

नाटक थोर आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ते पाहून आपण जो निष्कर्ष काढतो, तो मला फार सोपा वाटतो. बेलवलकरांनी चाळीस वर्षे रंगभूमी गाजविली, हजारोंच्या टाळ्या घेतल्या. मात्र संध्याकाळी ज्याच्या ओट्यावर जाऊन बसावे, असे एकही घर त्यांच्यापाशी उरलेले नाही. भाऊ नाही, मेहुणा नाही, शेजारी नाही. आहेत ती फक्त दोन मुले, आणि सारा भार त्या दोघांवर. मुले वाईट होतीच. पण ती जरा बरी असती, तरी तो भार त्यांना पेलला असता काय? अखेरीस अप्पांना आसरा देतो तो बूट पॉलिश करणारा एक पोरगा. आपण त्या प्रसंगाकडे केवळ करुण प्रसंग म्हणून पाहतो. नाटकाची किल्ली तेथेच पडलेली असते, असे माझे मत आहे.

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ हे नाटक तर याहून अधिक घरगुती आणि म्हणून अधिक जीवघेणे. नाना आणि नानी या वृद्ध जोडप्याचा एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. दूरचा दूरच राहतो, सैन्यातला कायमचा जातो, आणि हे दोघे आपल्याच हातांनी आपले जीवन संपवितात. धर्मगुरू या नात्याने हा शेवट मला अस्वस्थ करतो, हे सांगायला नकोच. परंतु साहित्याचा वाचक म्हणूनही तो मला अस्वस्थ करतो. कारण दळवींनी त्या घराला दोनच खिडक्या ठेवल्या आहेत, आणि त्या दोन्ही मुलांच्या दिशेने उघडतात. तिसरी खिडकी असती तर? नाटककाराला हा प्रश्न विचारणे कदाचित अन्यायाचे होईल. आपल्याला स्वतःला मात्र तो विचारलाच पाहिजे, कारण आपल्या धर्मग्रामांतील किती तरी घरे आज दळवींच्या त्या घरासारखीच आहेत. मुलगा आखातात, मुलगी कॅनडात. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन जावे, तर दार उघडायला म्हाताऱ्या बाईला पाच मिनिटे लागतात. भिंतीवर नातवंडांची छायाचित्रे असतात, आणि शेजारच्या घराशी बांधावरून भांडण झालेले असल्यामुळे तिकडचा दरवाजा वीस वर्षे बंद असतो.

कौटुंबिक नात्यांचा प्रौढ माणसाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा शास्त्रज्ञांनीही पुष्कळ शोध घेतला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाशी निगडित असलेला एक अभ्यास १९३८ साली सुरू झाला आणि पिढ्या ओलांडून तो पुढे चालत राहिला. आरंभी त्यात ७२४ पुरुष होते : काही हार्वर्डचे विद्यार्थी, तर काही बोस्टन शहरातील गरीब वस्त्यांतील मुले. पुढे त्यांच्या बायका आणि मुलेबाळेही त्यात आली. रॉबर्ट वॉल्डिंगर आणि मार्क शुल्झ यांनी २०२३ साली ‘द गुड लाइफ’ या ग्रंथात या साऱ्याचे सार मांडले. पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांत समाधान होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. रक्तातील कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट पुढच्या प्रकृतीची अधिक खात्रीची खूण ठरली. निष्कर्ष मोलाचा आहे. पण तो वाचून माझ्यासारख्याच्या मनात प्रश्न उरतोच. ज्याचे घर मुळातच समाधानाचे नाही, त्याने पन्नाशीपर्यंत काय करावे? नाते दुखावते आणि सावरतेही. हे दोन्ही एकाच घरात, कधी कधी एकाच माणसाकडून कसे घडते, हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांकडे जावे लागते.

‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो आहे. नसल्यास शाळेच्या क्रमिक पुस्तकातून त्यातील एखादा वेचा तरी वाचलेला असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नीने सांगितलेली ही आपल्या संसाराची हकिकत. लक्ष्मीबाईंचे शिक्षण फारसे नव्हते. लिहावाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. मुलाच्या, म्हणजे देवदत्ताच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी सांगावयास घेतल्या. त्यामुळे भाषा बोलण्याची, वाक्ये तोकडी, विनोद चुलीजवळचा. गेल्या शतकातील मराठी गद्यात याच्या तोडीची पुस्तके हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

परंतु आम्ही ख्रिस्ती मंडळींनी या पुस्तकावर एक अन्याय केला आहे. आम्ही त्याचा दाखला म्हणून वापर केला. गुरुविद्यालयात असताना मी ते प्रथम वाचले, तेव्हा १० फेब्रुवारी १८९५ या तारखेखाली मी लाल रेघ ओढली होती. त्या दिवशी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढे १९०० सालच्या लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याखाली दुसरी रेघ. या दोन रेघांमधली पाच वर्षे मी भराभर उलटली. आता पन्नाशी ओलांडल्यावर वाचताना लक्षात येते, की पुस्तकाचा जीव नेमका तेथे आहे.

आरंभ पाहा. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील १८५७च्या धामधुमीत फासावर गेले. त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले, ते जन्मभर सुटले नाही. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. मीठसुद्धा धुतले जाई. वाचताना हसू येते, आणि लक्ष्मीबाई हसू येईल असेच सांगतात. पण त्या हसण्याखाली एका कुटुंबाचा आजार आहे. सासऱ्याच्या मरणाची भीती जावयाच्या हातांत उतरली, आणि जावयाच्या हातांतून सगळ्या घरावर पाण्याच्या घागरींसारखी ओतली गेली. धुणारा एक, पण ओल सगळ्यांच्या अंगाला. आई, मुले, येणारेजाणारे, सर्वांचे जगणे त्या एका भीतीभोवती फिरू लागले. आजच्या काळी यास मानसोपचारतज्ज्ञ काही नाव देतील. लक्ष्मीबाई नाव देत नाहीत. त्या फक्त दाखवितात, की बालपणी घराने दिलेले भय माणसाबरोबर सासरी जाते.

कारण पुढे काय होते? याच वडिलांची ही मुलगी ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे परत येते, तेव्हा स्वतःचे सोवळे घेऊन येते. वेगळी चूल, वेगळे पाणी. नवरा आपला, मुलगा आपला, पण भांडे वेगळे. आणि ते सोवळे कोणाच्या उपदेशाने सुटत नाही. टिळकांसारख्या वाक्पटू माणसाच्याही नाही. ते सुटते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, त्यांच्या सवडीने. जातीपातीचे हे कुंपण माणसानेच घातले आहे, असे एके दिवशी त्यांना आतून पटते, आणि मग त्या मागे पाहत नाहीत. वडिलांनी जे जन्मभर धुतले आणि ज्याला कधी स्वच्छता आली नाही, ते मुलीने तिशीत एका विचाराने खाली ठेवले. पुस्तकात हे दोन प्रसंग एकमेकांपासून फार दूर आहेत आणि लेखिका त्यांच्यात दुवा जोडीत नाही. तो वाचकाने जोडावयाचा आहे. मला स्वतःला तो तिसऱ्या वाचनात सापडला.

टिळकांविषयी आता स्पष्ट बोलले पाहिजे. ते थोर कवी होते, भक्त होते, देशप्रेमी होते. ते अत्यंत कठीण नवरेही होते. तापट, लहरी, पैशाच्या बाबतीत बेफिकीर. मनाला आले की घर सोडून जाणारे. कोणी गरजू भेटला, की हातातले त्याच्या हाती जाई आणि घरी चूल थंड राही. आमची भक्तमंडळी या साऱ्यावर ‘संतांची तऱ्हा’ म्हणून पांघरूण घालतात. लक्ष्मीबाईंनी पांघरूण घातलेले नाही; त्यांनी विनोद केला आहे, आणि या दोहोंत फरक आहे. पांघरुणाखाली गोष्ट दिसेनाशी होते, विनोदात ती अधिक स्पष्ट दिसते. (देवाच्या कामासाठी बाहेर आणि घरच्यांसाठी कधीच हाती न लागणारे पुरुष फक्त टिळकांच्या काळी होते असे नव्हे. आमच्या धर्मग्राम समित्यांतही ते आढळतात. आणि त्यांना उशिरापर्यंत बैठकीत बसवून ठेवणारे धर्मगुरूही आढळतात. त्यांतला एक हा लेख लिहीत आहे.)

बाप्तिस्म्याची बातमी आली, तेव्हा लक्ष्मीबाईंची वये-वर्षे ती किती? तिशीसुद्धा नव्हती. पदरात चार वर्षांच्या आतबाहेरचा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. न सुवासिनी, न विधवा. समाजाची नजर, नातलगांचे सल्ले, आणि मुलगा कोणाकडे राहणार ही टांगती तलवार. त्या दिवसांतील वर्णनात विनोद जवळजवळ थांबतो. जगणे नकोसे झाले होते, हे त्या लपवीत नाहीत.

त्यांना तारले कोणी? श्रद्धेने तारले म्हणावे, तर ती श्रद्धा अजून यावयाची होती. नवऱ्याच्या पत्रांनी त्या जळतही होत्या आणि जगतही होत्या. त्यांना तारले ते पंढरपूरच्या घराने. त्यांची बहीण भिकूताई आणि मेहुणे पेंडसे यांनी त्यांना आणि दत्तूला आपल्या घरात ठेवून घेतले. पुस्तकाचे समीक्षक टिळक-लक्ष्मीबाई या जोडीवर पानेच्या पाने लिहितात. पेंडश्यांच्या घराची दखल कोणी फारशी घेत नाही. वास्तविक त्या घरात काही असामान्य घडत नाही. जेवणे होतात, मुले खेळतात, सण येतात, थोडी कुरकुर होते, माणसे रागावतात आणि पुन्हा बोलतात. बाटलेल्या माणसाच्या बायकोला घरात घेतल्यामुळे लोक काय म्हणतील, हे त्या घराला ठाऊक होते. तरी पाट मांडला गेला. एका नात्याने जे मोडले होते, ते दुसऱ्या नात्याने हलक्या हाताने धरून ठेवले, पूर्ण जुळेपर्यंत. मोडलेल्या हाडाला खपाची असते तसे. खपाची हाड जुळवीत नाही, हाड आपले आपणच जुळते. पण खपाचीवाचून ते वाकडे जुळते.

येथे एक कबुली देणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी धर्मगुरू म्हणून नवखा असताना, एक तरुण विवाहिता माझ्याकडे आली होती. नवरा दारू पिणारा, हात उगारणारा. मी तिचे ऐकून घेतले, प्रार्थना केली, आणि मोठ्या विश्वासाने तिच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ दिले. लक्ष्मीबाईंनी किती सोसले ते वाचा, धीर येईल, असेही म्हणालो. दोन महिन्यांनी ती पुस्तक परत घेऊन आली. टेबलावर ठेवून म्हणाली, “फादर, पुस्तक चांगलं आहे. पण लक्ष्मीबाईंना बहिणीचं घर होतं. मला कुणाचं आहे?”

मला उत्तर देता आले नाही. सात-आठ वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेला मी, आणि सातवी शिकलेल्या त्या बाईने पुस्तक माझ्यापेक्षा नीट वाचले होते. मी सोशीकपणा वाचला होता. तिने घर वाचले होते. लक्ष्मीबाई सोसत राहिल्या म्हणून त्यांचा संसार सावरला, असे या पुस्तकातून शिकविणे म्हणजे पुस्तकाचा विपर्यास होय. आणि तो विपर्यास मी एका जिवंत माणसावर केला. लक्ष्मीबाई परतल्या त्या पाच वर्षांनी, स्वतःच्या अटींवर, वेगळी चूल घेऊन. निरुपाय म्हणून त्या परतल्या नाहीत. जायला दुसरीकडे जागा होती, म्हणूनच त्यांचे परतणे हे परतणे ठरले.

यानंतरचा संसार वाचताना हे अधिकच पटते. दोघांची भांडणे थांबली नाहीत. टिळक बदलले म्हणावे तर तेवढे बदललेही नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त जीवन पत्करले, तेव्हाही घराची घडी पुन्हा विस्कटलीच. तरी लक्ष्मीबाई आता पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. पहिल्या भागात त्यांचे सारे सुखदुःख एका माणसाच्या येण्याजाण्यावर टांगलेले आहे. पुढे त्यांच्या घरात किती माणसे येतात! दुष्काळात पोरकी झालेली मुले, प्लेगचे आजारी, पाहुणे, कवी. बालकवी ठोंबरे हा घरचाच मुलगा होऊन राहिला. त्याचे रुसणे, त्याची समजूत काढणे, माय-लेकरांसारखी त्यांची भांडणे, ही पाने मराठीतील अत्यंत गोड पाने आहेत. बहिणीने जे दार त्यांच्यासाठी उघडले, ते त्यांनी पुढे कधी लावलेच नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. बेलवलकरांच्या वाट्याला जे एकटेपण आले, ते येथेही यावयास हरकत नव्हती. पण लक्ष्मीबाई त्यानंतरही सतरा वर्षे जगल्या, आणि त्या वर्षांत त्यांनी पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले, १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि हे पुस्तक सांगितले. सुखी संसाराचे हे फळ म्हणता येणार नाही. भरलेल्या घराचे म्हणता येईल.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ हे कौटुंबिक प्रेमावरील प्रबोधनपत्र दिले, त्याच्या पाचव्या अध्यायात नवरा-बायको आणि मुले यांच्या लहान वर्तुळाभोवती असलेल्या मोठ्या कुटुंबाचा विचार आहे : वृद्ध, भावंडे, नातलग, स्नेही, एकट्या पडलेल्या आया. विवाहपूर्व शिबिरांत आपण चौथा अध्याय आवडीने शिकवितो, कारण तो पतिपत्नींच्या प्रेमाविषयी आहे. पाचव्यापर्यंत आपण पोहोचत नाही. तोवर जेवणाची घंटा होते.

पुस्तकात उणिवा नाहीत काय? आहेत. शेवटचा भाग आधीच्या तिहींच्या मानाने विसविशीत आहे. टिळकांची बाजू आपल्याला लक्ष्मीबाईंच्याच तोंडून ऐकावी लागते. आणि सर्वांत मोठी उणीव मला दत्तूच्या संदर्भात वाटते. आईबापांच्या ओढाताणीत ते पोर कसे वाढले, रात्री काय विचारीत होते, वडिलांची पत्रे आली की त्याच्या तोंडाकडे कोण पाहत होते, याविषयी लक्ष्मीबाई पुरेसे थांबत नाहीत. विनोद कधी कधी त्यांना फार लवकर पुढे घेऊन जातो. पण हाच दत्तू मोठेपणी आईजवळ कागद घेऊन बसतो आणि ‘सांग’ म्हणतो. ज्या वर्षांनी त्याचे बालपण दोन घरांत विभागले, ती वर्षे त्याला तिच्याकडून ऐकावयाची होती. किती मुलगे आपल्या आईला हे विचारतात? चाळिशीतला मुलगा आणि साठीतली आई यांनी जुन्या जखमेवर मिळून पुस्तक लिहावे, याहून कौटुंबिक आरोग्याची दुसरी निशाणी मला ठाऊक नाही. दळवींच्या नानांकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. ऐकायला कोणी नव्हते.

त्या तरुणीविषयी वाचक विचारतील. तिच्या आईच्या गावी एक निपुत्रिक आत्या होती. जुन्या वाटणीच्या वादामुळे येणेजाणे बंद झालेले. आमच्या धर्मग्रामातील दोन वयस्क बायकांनी तो वाद मिटविण्याचे काम अंगावर घेतले. मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो, पण बोलावयाचे काम त्यांनीच केले. ती तेथे तीन वर्षे राहिली. पुढे काय झाले ते तिचे तिच्यापाशी.

पुस्तकाची ती प्रत आमच्या वाचनालयात आहे. माझ्या दोन लाल रेघा तशाच आहेत. पंढरपूरच्या प्रकरणापाशी मात्र पानाचा कोपरा दुमडलेला आहे. ती घडी माझी नाही.